लॉक झालेली व्हीएम डिस्क: ओव्हर्ट इंजिनच्या डेटाबेसमधून कशी सोडवायची

ओव्हर्टच्या (अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, सांभाळणारं सॉफ्टवेअर) ॲडमिन पोर्टलवर व्हीएमसमोर ‘इमेज लॉक्ड’ दिसतंय, रन बटण फिकं पडलंय आणि डिस्कची स्थिती सकाळपासून ‘लॉक्ड’ आहे. काहीही करायला गेलं की एकच उत्तर येतं: या डिस्क लॉक आहेत, काही मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करा. मिनिटांचे तास होतात, लॉक काही सुटत नाही. अशा वेळी शोधाशोध केली की पहिला उपाय सापडतो तो डेटाबेसमध्ये जाऊन डिस्कच्या स्थितीचा आकडा २ (लॉक्ड) चा १ (ठीक) करण्याचा. हा उपाय बरोबर आहे, पण तो शेवटी करायचा असतो. तो भलत्या वेळी केला तर धड असलेली डिस्कही हातची जाते.

पुढची माहिती ओव्हर्ट ४.४ आणि ४.५ धरून लिहिली आहे. रेड हॅट व्हर्च्युअलायझेशन ४.४ आणि ओरॅकल लिनक्स व्हर्च्युअलायझेशन मॅनेजर ही याच इंजिनवर (सगळ्या व्हीएमचा कारभार पाहणाऱ्या मध्यवर्ती सर्व्हिसवर) उभी असल्याने टेबलांची नावं आणि फाइलींच्या जागा तिथेही याच सापडतील. कमांड, पाथ आणि कॉलमची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.

लॉक नेमकं कुठे लागलेलं असतं

‘लॉक’ हा एक शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि बहुतेक गोंधळ तिथेच सुरू होतो.

पहिलं लॉक इंजिनच्या मेमरीत असतं. दोन कामं एकाच व्हीएमवर एकदम सुरू होऊ नयेत म्हणून इंजिन ते घेतं. इंजिन.लॉगमध्ये ‘फेल्ड टु ॲक्वायर लॉक’ आणि पुढे ‘इंजिनलॉक’ असा मजकूर दिसला तर समजायचं की हे लॉक आडवं आलंय. ते डेटाबेसमध्ये कुठेच नसतं. ओव्हर्ट-इंजिन सर्व्हिस रीस्टार्ट केली की जातं.

दुसरं डेटाबेसमधलं. पोस्टग्रेसमधल्या ‘इंजिन’ नावाच्या डेटाबेसात इमेजेस टेबलच्या इमेजस्टेटस कॉलममध्ये २ लिहिलेला असतो. हे रीस्टार्टने आपोआप जाईलच असं नाही. या लेखाचा विषय मुख्यतः हेच लॉक आहे.

तिसरं स्टोरेजवरचं: सॅनलॉकची लीज (वापराचा हक्क राखणारी स्टोरेजवरची खूण), किंवा क्यूईएमयूने (व्हीएम प्रत्यक्ष चालवणाऱ्या प्रोसेसने) उघडून धरलेला व्हॉल्यूम (डिस्कचा एक थर). याला डेटाबेसमधून हातही लावता येत नाही.

सातबाऱ्यावर नोंद फिरवली म्हणून शेतातला बांध हलत नाही. इंजिनचा डेटाबेस हा सातबारा आहे आणि बांध स्टोरेजवर आहे. २ चा १ केल्याने फक्त नोंद बदलते. कॉपी अर्धवट राहिली असेल तर ती अर्धवटच राहते, फरक इतकाच की आता ती डिस्क सुरू करायला इंजिन तुम्हाला अडवत नाही. म्हणून आधी जागेवर काय आहे ते पाहायचं आणि मग नोंद तिच्याशी जुळवायची. पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा क्रम यावरूनच ठरतो.

आधी खात्री करा की काम खरंच मेलंय

मोठ्या डिस्कची कॉपी वेळ घेते. ५०० जीबीची प्रीॲलोकेटेड (सगळी जागा आधीच राखलेली) डिस्क सेकंदाला १०० एमबी वेगाने हलवली तरी ५,१२० सेकंद, म्हणजे जवळपास ८५ मिनिटं लागतात. स्टोरेजवर इतर व्हीएमचा भार असेल तर दुप्पटही. ‘वाइप आफ्टर डिलीट’ लावलेली डिस्क ब्लॉक स्टोरेजवरून काढतानाही असाच वेळ जातो. चालू काम अडकलंय असं समजून लॉक काढणं ही या विषयातली सगळ्यात महागात पडणारी चूक आहे.

पोर्टलवरची टास्कची यादी पाहा, पण तिच्यावर विसंबू नका. इंजिन.लॉग ही फाइल /व्हार/लॉग/ओव्हर्ट-इंजिन/ या फोल्डरमध्ये असते. तिच्यात डिस्कच्या आयडीने शोधा, त्या कामाचा कोरिलेशन आयडी (त्या कामाच्या लॉगमधल्या ओळींना जोडणारी खूण) उचला आणि मग त्या आयडीने पुन्हा शोधा. कोणत्या होस्टवर (व्हीएम प्रत्यक्ष चालवणाऱ्या मशीनवर) काम सोपवलं गेलं ते त्यातून कळतं. मग त्या होस्टवर जा.

जुन्या पद्धतीची कामं एसपीएम होस्टवर (स्टोरेजची कामं करायला नेमलेल्या होस्टवर) टास्क म्हणून चालतात. ती पाहायला: व्हीडीएसएम-क्लायंट होस्ट गेटऑलटास्क्सस्टेटसेस (व्हीडीएसएम म्हणजे इंजिनचे आदेश पाळणारी होस्टवरची सर्व्हिस). नव्या पद्धतीची कॉपीची कामं कोणत्याही होस्टवर जॉब म्हणून चालू शकतात. ती पाहायला: व्हीडीएसएम-क्लायंट होस्ट गेटजॉब्स. दोन्ही कमांड चालवा, कारण एकीत रिकामी यादी आली म्हणून दुसरीतही तसंच असेल असं नाही. शिवाय पीएसच्या यादीत ‘क्यूईएमयू-आयएमजी कन्व्हर्ट’ची प्रोसेस आहे का पाहा, आणि असेल तर आयओस्टॅटवर लिहिण्याचा वेग दिसतोय का तेही पाहा. प्रोसेस जिवंत आहे आणि बाइट हलतायत, तर करण्यासारखं काही नाही, थांबायचं.

चालू व्हीएमचा स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणीची जपलेली स्थिती) डिलीट करताना जे मर्ज, म्हणजे दोन व्हॉल्यूमचं एकत्रीकरण, होतं ते मात्र या याद्यांमध्ये दिसत नाही. ते लिबव्हर्टच्या (होस्टवर व्हीएम हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) ब्लॉक जॉबमध्ये असतं. व्हीएम ज्या होस्टवर चालू आहे तिथे आधी ‘व्हिर्श -आर डॉमब्लकलिस्ट’ने डिस्कचं उपकरण-नाव घ्या, मग ‘व्हिर्श -आर ब्लॉकजॉब’ला व्हीएमचं नाव, ते उपकरण आणि --इन्फो द्या. -आर म्हणजे फक्त वाचायचा मार्ग. त्यामुळे पासवर्ड विचारला जात नाही आणि चुकून काही बदलण्याची भीतीही राहत नाही.

काम मेलं असं ठरलं की ते का मेलं ते शोधा. नेहमीची कारणं थोडीच असतात: काम सुरू असताना इंजिन रीस्टार्ट झालं, एसपीएम होस्ट फेन्स झाला (सक्तीने रीस्टार्ट केला गेला), स्टोरेजचा मार्ग तुटला, बॅकअप सॉफ्टवेअर मध्येच थांबलं, नाहीतर इंजिनच्या मशीनवरच्या /व्हार विभागात जागा संपली. जागेचं कारण सहज नजरेतून सुटतं. पोस्टग्रेसला लिहायला जागा नसेल तर काम होस्टवर नीट पूर्ण होऊनही त्याची नोंद होत नाही, आणि तुम्ही काढलेलं लॉकही टिकत नाही. मोकळी जागा दाखवणारी डीएफ -एच आधी चालवा.

आपोआप सुटेल म्हणून वाट पाहण्याचं ठरवलंत तर एक आकडा लक्षात असू द्या. टास्क झोंबी (अडकून पडलेला) ठरवण्याची मुदत इंजिनच्या सेटिंगमध्ये असिंकटास्कझोंबीटास्कलाइफइनमिनिट्स या नावाने असते आणि तिचं मूळ मूल्य ३००० आहे. म्हणजे ५० तास.

बॅकअप, आणि मग रीस्टार्ट

डेटाबेसमध्ये काहीही लिहिण्याआधी: इंजिन-बॅकअप --मोड=बॅकअप --स्कोप=डीबी, त्यापुढे --फाइल आणि --लॉग. तयार झालेली फाइल इंजिनच्या मशीनबाहेर ठेवा. पायरी छोटी आहे, आणि नेमकी तीच गाळली जाते.

त्यानंतर ओव्हर्ट-इंजिन सर्व्हिस एकदा रीस्टार्ट करून पाहा. इंजिन बंद असलं तरी होस्टवरच्या व्हीएम चालूच राहतात. सुरू होताना इंजिन मेमरीतली लॉक सोडून येतं, अर्धवट कामांची भरपाई करतं आणि उरलेल्या टास्कची होस्टकडे पुन्हा चौकशी करतं. कितीतरी लॉक इथेच सुटतात. इंजिन सेल्फ-होस्टेड असेल, म्हणजे ते स्वतःच एका व्हीएममध्ये चालत असेल, तर आधी होस्टेड-इंजिन --सेट-मेंटेनन्स --मोड=ग्लोबल करा. नाहीतर एचए एजंटला (इंजिनच्या व्हीएमवर लक्ष ठेवणाऱ्या सर्व्हिसला) इंजिन पडल्यासारखं वाटतं आणि तुम्ही डेटाबेसमध्ये काम करत असतानाच तो इंजिनची व्हीएम रीस्टार्ट करतो.

डेटाबेस वाचायचा कसा

पासवर्ड शोधत बसायची गरज नाही. /यूएसआर/शेअर/ओव्हर्ट-इंजिन/डीबीस्क्रिप्ट्स/इंजिन-पीएसक्यूएल.एसएच ही स्क्रिप्ट सेटअपच्या वेळी लिहिलेल्या फाइलीतून जोडणीचा तपशील स्वतः उचलते. -सी पर्यायाला क्वेरी द्या, उत्तर मिळतं.

लॉकची स्थिती ठेवणारी चार टेबलं माहीत हवीत. इमेजेस टेबलमधली प्रत्येक ओळ म्हणजे एक व्हॉल्यूम, अख्खी डिस्क नव्हे. दोन स्नॅपशॉट असलेल्या डिस्कच्या तिथे तीन ओळी असतात. इमेज_गाइड हा व्हॉल्यूमचा आयडी, इमेज_ग्रुप_आयडी हा डिस्कचा, पेरेंटआयडी हा साखळीतल्या वरच्या व्हॉल्यूमचा (प्रत्येक स्नॅपशॉटमागे नवा व्हॉल्यूम जोडला जातो, ती ही साखळी). सगळ्यात मुळाशी असलेल्या व्हॉल्यूमचा पेरेंट म्हणजे नुसत्या शून्यांची यूयूआयडी (लांब ओळख-क्रमांक). टेम्प्लेटवर बेतलेल्या पातळ डिस्कमध्ये मात्र तिथे टेम्प्लेटच्या व्हॉल्यूमचा आयडी सापडेल, त्याने दचकू नका. इमेजस्टेटसमध्ये १ म्हणजे ठीक, २ म्हणजे लॉक्ड, ४ म्हणजे इल्लीगल (वापरू नये अशी खूण). ४ दिसला तर तो वेगळा रोग आहे. त्याला २ चं औषध देऊ नका.

स्नॅपशॉट्स टेबलमध्ये स्टेटस अक्षरांत असतं: ओके, लॉक्ड किंवा इन_प्रिव्ह्यू. व्हीएम_डायनॅमिकमध्ये व्हीएमची स्थिती आकड्यात: ० बंद, १ चालू, १४ इमेज इल्लीगल, १५ इमेज लॉक्ड. टेम्प्लेटचं लॉक व्हीएम_स्टॅटिकच्या टेम्प्लेट_स्टेटसमध्ये असतं आणि तिथले आकडे वेगळे आहेत: ० ठीक, १ लॉक्ड. एका टेबलातला १ दुसऱ्या टेबलात उलटा अर्थ देतो. हाताने अपडेट लिहिणाऱ्यांचा पाय इथे हमखास घसरतो.

डिस्कचं नाव बेस_डिस्क्स टेबलच्या डिस्क_एलियस कॉलममध्ये आणि कोणती डिस्क कोणत्या व्हीएमला जोडली आहे ते व्हीएम_डिव्हाइसमध्ये. इमेजेसचा इमेज_ग्रुप_आयडी, बेस_डिस्क्सचा डिस्क_आयडी आणि व्हीएम_डिव्हाइसचा डिव्हाइस_आयडी ही एकाच गोष्टीची तीन नावं. या तिघांना जोडून ‘इमेजस्टेटस १ नाही’ अशा सगळ्या ओळी एकदा नुसत्या वाचून घ्या आणि उत्तर फाइलीत जपून ठेवा. नंतर काय बदललं ते दाखवणारा तो एकमेव पुरावा असतो.

अनलॉक स्क्रिप्ट

/यूएसआर/शेअर/ओव्हर्ट-इंजिन/सेटअप/डीबीयुटिल्स/ मध्ये अनलॉक_एन्टिटी.एसएच आहे. हाताने एसक्यूएल लिहिण्याआधी हीच वापरा. ती प्रत्येक टेबलात बरोबर तो आकडा लिहिते.

पहिल्यांदा नुसतं वाचायला: अनलॉक_एन्टिटी.एसएच -क्यू -टी ऑल. काय काय लॉक आहे त्याची यादी येते. -टी पुढे व्हीएम, टेम्प्लेट, डिस्क, स्नॅपशॉट आणि इल्लीगल_इमेजेस हेही प्रकार चालतात.

मग एकच डिस्क सोडवायला -टी डिस्क आणि डिस्कचा आयडी. आयडी म्हणजे इमेज_ग्रुप_आयडी. व्हॉल्यूमचा आयडी दिलात तर काहीच बदलत नाही आणि तुम्हाला वाटतं स्क्रिप्ट चालली. व्हीएमसकट तिच्या डिस्क सोडवायच्या असतील तर -टी व्हीएम सोबत -आर (हा व्हिर्शच्या -आर पेक्षा वेगळा, हा लॉक सोडवतो). व्हीएमचं नाव द्यायचं की आयडी ते -एच च्या मदतीत पाहून घ्या. स्क्रिप्ट डेटा बिघडण्याचा इशारा देऊन वाय की एन विचारते. तो इशारा अक्षरशः खरा आहे. तिथे क्षणभर थांबून होस्टवरचं काम मेल्याची खात्री केली होती ना, हे आठवा.

-क्यू शिवाय -टी ऑल कधीही चालवू नका. ज्या डिस्कची कॉपी या क्षणी व्यवस्थित चालू आहे तिचंही लॉक त्यात सुटतं, आणि मग कोणी ती व्हीएम सुरू केली तर लिहिणारे दोघं होतात.

व्हीएमची स्थिती १५ वरून ० होते तेव्हा तुम्ही इंजिनला सांगत असता की व्हीएम बंद आहे. ती खरंच बंद आहे का? प्रत्येक होस्टवर व्हिर्श -आर लिस्ट चालवून पाहा. ज्या होस्टशी इंजिनचा संपर्क तुटलाय तिथे ती अजून चालू असेल आणि तुम्ही दुसरीकडे सुरू केलीत, तर एकाच डिस्कवर दोन मशीन लिहू लागतात. ब्लॉक स्टोरेजवर व्हीएम लीज लावलेली नसेल तर त्यांना अडवायला कोणी नाही.

स्नॅपशॉट मध्ये अडकलेला असतो तेव्हा

लॉक काढल्यावरही व्हीएम सुरू होत नाही, अशा तक्रारी बहुतेक इथूनच येतात. म्हणून इथे घाई करू नका.

एका चालू व्हीएमच्या डिस्कची साखळी तीन ठिकाणी नोंदलेली असते. एक डेटाबेसात: इमेजेस टेबलमधून इमेज_ग्रुप_आयडी देऊन इमेज_गाइड, पेरेंटआयडी, ॲक्टिव्ह, व्हीएम_स्नॅपशॉट_आयडी आणि इमेजस्टेटस वाचा. दुसरी स्टोरेजवरच्या मेटाडेटात: व्हीडीएसएम-टूल डंप-व्हॉल्यूम-चेन्स ही कमांड स्टोरेज डोमेनच्या (डिस्क ठेवायच्या जागेच्या) आयडीसह चालवा, प्रत्येक व्हॉल्यूमचा प्रकार लीफ (साखळीचं टोक) की इंटर्नल (मधला) आणि तो लीगल की इल्लीगल, दोन्ही दिसतं. तिसरी क्यूईएमयूच्या मेमरीत: व्हिर्श -आर डंपएक्सएमएल मध्ये डिस्कखालच्या बॅकिंगस्टोअरच्या ओळी. तिन्ही साखळ्या कागदावर शेजारी शेजारी लिहा. यूयूआयडीची पहिली आठ अक्षरं पुरतात.

तिन्ही जुळल्या तर फक्त नोंद अडकली आहे. लॉक काढा, झालं.

क्यूईएमयू आणि स्टोरेज जुळतात, पण डेटाबेसात एक व्हॉल्यूम जास्त आहे, तर मर्ज पूर्ण झालं आणि इंजिनला ते कळलं नाही. अशा वेळी हाताने ओळ उडवण्याआधी लॉक काढून पोर्टलवरून तोच स्नॅपशॉट पुन्हा डिलीट करा. फसलेलं लाइव्ह मर्ज पुन्हा चालवता यावं अशीच त्याची रचना आहे. जे टप्पे झालेत ते ओळखून इंजिन पुढे जातं. स्टोरेजवर इल्लीगल खूण असलेला व्हॉल्यूम क्यूईएमयूच्या साखळीत नसेल तरीही हाच मार्ग: ती खूण मर्ज झालेल्या, काढायच्या राहून गेलेल्या व्हॉल्यूमवर असते. तो ‘दुरुस्त’ करून लीगल करणं म्हणजे जुना डेटा पुन्हा साखळीत आणणं.

क्यूईएमयू एका लीफवर लिहितोय आणि डेटाबेस दुसऱ्याला ॲक्टिव्ह म्हणतोय, ही धोक्याची स्थिती. अशी व्हीएम बंद करू नका. ती चालू आहे तोवर खरी साखळी क्यूईएमयूकडे सुरक्षित आहे. बंद केली की पुढच्या वेळी कोणता व्हॉल्यूम उघडायचा हे डेटाबेसच्या सांगण्यावरून ठरेल आणि ‘बॅड व्हॉल्यूम स्पेसिफिकेशन’ म्हणून व्हीएम उठणार नाही. किंवा त्याहून वाईट, जुन्या व्हॉल्यूमवर उठेल आणि त्यावर लिहायला लागेल. मायग्रेशनही टाळा. आधी गेस्टच्या (व्हीएममधल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या) आतून, म्हणजे डेटाबेस डंप, आरसिंक, जे त्या मशीनवर शोभेल त्याने, पूर्ण बॅकअप घ्या. साखळी जुळवायचं काम त्यानंतर.

उलट प्रकार स्नॅपशॉट तयार करताना होतो. इंजिनने नव्या व्हॉल्यूमची ओळ लिहिली, पण होस्टवर तो बनलाच नाही. लॉक काढून व्हीएम सुरू केली की व्हीडीएसएमच्या लॉगमध्ये ‘व्हॉल्यूम डझ नॉट एक्झिस्ट’ येतं, कोड २०१. डेटा सुखरूप असतो. पेरेंट व्हॉल्यूमच शेवटचा खरा व्हॉल्यूम असतो. दुरुस्तीसाठी इंजिन थांबवून एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये हे करावं लागतं: पेरेंटच्या ओळीत ॲक्टिव्ह ट्रू करायचं, तिचा व्हीएम_स्नॅपशॉट_आयडी त्या व्हीएमच्या ॲक्टिव्ह प्रकारच्या स्नॅपशॉटचा करायचा, नसलेल्या व्हॉल्यूमच्या ओळी इमेज_स्टोरेज_डोमेन_मॅप, डिस्क_इमेज_डायनॅमिक आणि शेवटी इमेजेसमधून काढायच्या, आणि मग अडकलेली स्नॅपशॉटची ओळ. व्हीएमला चार डिस्क असतील तर चारींचं तपासा: एखाद्या डिस्कचा नवा व्हॉल्यूम बनलेला आणि उरलेल्यांचा नाही, असंही होतं. बनलेल्या व्हॉल्यूममध्ये काही लिहिलं गेलंय का हे पाहिल्याशिवाय तो सोडून देऊ नका. ही दुरुस्ती आधी बॅकअपवरून उभ्या केलेल्या डेटाबेसाच्या प्रतीवर करून पाहणं सर्वांत चांगलं.

‘ऑटो-जनरेटेड फॉर लाइव्ह स्टोरेज मायग्रेशन’ असं वर्णन असलेला स्नॅपशॉट दिसला तर डिस्क एका डोमेनवरून दुसऱ्यावर जाताना अडकली आहे. डॉमब्लकलिस्टमधल्या पाथमध्ये डोमेनचा आयडी असतो. क्यूईएमयू ज्या डोमेनवर लिहितोय ती खरी प्रत. तो आयडी इमेज_स्टोरेज_डोमेन_मॅपमधल्या नोंदीशी ताडून पाहा. दुसऱ्या डोमेनवरची प्रत अर्धवट असते, पण मूळ व्हीएम धडपणे बंद होऊन पुन्हा सुरू होईपर्यंत ती पुसू नका.

अपलोड आणि डाउनलोड

ब्राउझरमधून आयएसओ किंवा डिस्क चढवताना टॅब बंद झाला की डिस्क लॉक राहते. ही नोंद इमेज_ट्रान्सफर्स टेबलमध्ये असते. फेज कॉलममध्ये २ म्हणजे चालू, ४ म्हणजे सिस्टिमने थांबवलेलं, ५ म्हणजे वापरकर्त्याने थांबवलेलं, ९ यशस्वी, १० अयशस्वी. इथे लॉक काढणं हा उपायच नव्हे. पोर्टलवर स्टोरेज, डिस्क्स, अपलोड यातून कॅन्सल करा, इंजिन स्वतः आवरून घेतं. अर्धवट चढलेली डिस्क त्यात काढली जाईल, जे योग्यच आहे.

नवा अपलोड पुन्हा पुन्हा ४ वर अडकत असेल तर इंजिनचं सीए सर्टिफिकेट ब्राउझरमध्ये बसवलेलं नाही, ही शक्यता पहिली तपासा. मग होस्टवरची ओव्हर्ट-इमेजआयओ सर्व्हिस आणि पोर्ट: होस्टवर ५४३२२, इंजिनवर ५४३२३.

लॉक पुन्हा पुन्हा येतं तेव्हा

डिस्क सोडवली, इंजिन रीस्टार्ट झालं आणि डिस्क परत लॉक. याचा अर्थ मूळ काम अजून इंजिनच्या वहीत उघडं आहे. असिंक_टास्क्स आणि कमांड_एन्टिटीज ही टेबलं पाहा. भरपाईसाठी जपलेली जुनी स्थिती बिझनेस_एन्टिटी_स्नॅपशॉटमध्ये असते.

याला त्याच फोल्डरमधली टास्कक्लीनर.एसएच आहे. काढण्याचा कोणताही पर्याय न देता चालवली तर ती फक्त यादी दाखवते. -झेड ने फक्त झोंबी टास्क. काढण्याचे नेहमीचे पर्याय मोठ्या अक्षरांत आहेत: आर ने टास्क जातात, सी ने भरपाईच्या ओळी, जे ने जॉबच्या पायऱ्या. लहान-मोठ्या अक्षरात चूक झाली तर अर्थ बदलतो, म्हणून -एच वाचल्याशिवाय चालवू नका. होस्टवर जिवंत असलेला टास्क इथून काढला तर इंजिन त्याला विसरतं, होस्ट मात्र काम करतच राहतो. म्हणून आधी होस्टवर टास्क थांबवायचा आणि क्लिअर करायचा, मग इंजिनमधून काढायचा.

हाताने एसक्यूएल लिहावंच लागलं तर

इंजिन बंद ठेवा. बिगिन लिहा. अपडेटच्या अटीत डिस्कचा आयडी आणि ‘इमेजस्टेटस = २’ दोन्ही ठेवा; दुसऱ्या अटीमुळे इल्लीगल ओळी चुकून १ होत नाहीत. पोस्टग्रेस ‘अपडेट’ पुढे किती ओळी बदलल्या तो आकडा छापतो. साखळीत तीन व्हॉल्यूम असतील तर ३ पेक्षा मोठा आकडा येऊच शकत नाही. ४० आला तर अट चुकली: रोलबॅक. बरोबर असेल तरच कमिट. व्हेअर न लिहिता चालवलेला एक अपडेट अख्ख्या डेटा सेंटरमधल्या डिस्क एका क्षणात ‘ठीक’ करून टाकतो, आणि त्यांतल्या खऱ्या ठीक कोणत्या होत्या ते शोधायला मग बॅकअपच कामी येतो.

लॉक सुटल्यावर व्हीएम लगेच सुरू करू नका. ती बंद असेल आणि डिस्क क्यूकाउ (क्यूईएमयूचा साखळी ठेवणारा फॉरमॅट) प्रकारची असेल तर क्यूईएमयू-आयएमजी इन्फो --बॅकिंग-चेन ने साखळी अखंड आहे ना पाहा आणि मग क्यूईएमयू-आयएमजी चेक चालवा. चेक चालू व्हीएमवर कधीच नाही. ब्लॉक डोमेनवर आधी त्या व्हॉल्यूमचा एलव्ही (लॉजिकल व्हॉल्यूम) ॲक्टिव्हेट करावा लागतो आणि तपासणी झाली की पुन्हा डीॲक्टिव्हेट. तो तसाच ॲक्टिव्ह राहिला तर पुढे दुसऱ्या होस्टने डिस्क वाढवल्यावर या होस्टला जुनाच आकार दिसत राहतो. मग व्हीएम सुरू करा, गेस्टमध्ये फाइलसिस्टिमच्या चुका आल्या का पाहा, एक छोटा स्नॅपशॉट घ्या आणि काढा. हा शेवटचा फेरा पार पडला तर साखळी जुळली.

आणि सुरुवातीला ग्लोबल मेंटेनन्स लावलं असेल तर --मोड=नन देऊन ते काढा. ते तसंच राहिलं, तर पुढे कधीतरी रात्री इंजिनची व्हीएम पडेल आणि एचए एजंट तिला उठवणार नाही.